सोनं खाल्लेलं घर

डोंगरीत कुणालाही आयरिनचं घर विचारा, तो आधी डोकं खाजवेल. मग एकदम चेहरा उजळून म्हणेल, "सोनखावांकडं जायचं हाय काय? त्या चिंचेच्या पल्याड." आयरिन म्हणजे माझी मम्मी, आणि सोनखाव म्हणजे आम्ही सगळे. आमच्याकडे घरटी एक टोपणनाव असतं. कुणी मीठवाले, कुणी बोकडवाले, एक घर तर नुसतंच 'उशिरा आलेले'. ही नावं एकदा चिकटली की बाप्तिस्म्याच्या नावापेक्षा घट्ट बसतात. मी मीरा रोडला अकरावी-बारावीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवते, तिथे मला सगळे मॅडम म्हणतात. भाईंदरहून उत्तनची बस पकडून डोंगरीला उतरले, की मी सोनखावांची ॲन्ड्रिया. संताप येतो. लहानपणी यायचा तेवढाच अजून येतो.

या नावामागची गोष्ट गाव असं सांगतं. माझे पणजोबा आगुस्तीन आणि त्यांचा धाकटा भाऊ इनास. इनास बोटीवर खलाशी होता, वर्षा-दोन वर्षांनी घरी यायचा. त्यांच्या आईनं मरताना आपलं सोनं, एक जाड पोत आणि हातातली कडी, थोरल्याच्या हवाली केलं. निम्मं तुझं, निम्मं इनासचं. १९३२ साली इनास परत आला तेव्हा पेटीत सोनं नव्हतं. आगुस्तीननं खाल्लं. कुणी म्हणतं दारूत घातलं, कुणी म्हणतं मुंबईत बाई ठेवली होती. भाऊ वेगळे झाले, जमिनीची वाटणी झाली आणि जांभळीखालची विहीर इनासकडे गेली. तेव्हापासून आमच्या घरातलं कुणी त्या विहिरीवर चढलेलं नाही. आमची भिंत आणि ती विहीर यांच्यामधून एक बैलगाडी जेमतेम जाईल.

पप्पांचं म्हणणं एकच होतं. "आजानं खाल्लं न्हाय. जमिनीचा सारा भरायला विकलं. भाव पडले होते तेव्हा." याच्यापुढे त्यांना सांगता यायचं नाही, कारण त्यांच्या वडलांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं. पण या एवढ्याशा वाक्यावर ते जन्मभर उभे राहिले. चर्चच्या जेवणात कुणी चेष्टेनं 'सोनखाव' म्हटलं, की ते ताटावरून उठायचे. मी अर्थशास्त्र घेतलं ते त्यांच्या त्या वाक्यापायी. भाव का पडले होते ते मला हवं होतं. ते मला मिळालंही. गावाला मात्र ते नको होतं.

तर या जानेवारीत माझ्या धाकट्या भावाचं, डॅनियलचं, लग्न ठरलं आणि मम्मीनं हट्ट धरला की उंबराचं पाणी त्या विहिरीचंच आणायचं. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका लुगडी नेसून, बँड लावून विहिरीवर जातात आणि त्या पाण्यानं नवऱ्या मुलाला न्हाऊ घालतात. आमच्या पाड्याची रीत अशी, की पहिली घागर विहिरीत सोडायची ती बापाच्या घराण्यातल्या सगळ्यात थोरल्या पुरुषानं. पप्पा तीन वर्षांपूर्वी गेले. घराण्यात आता थोरला म्हणावा असा एकच उरलाय, इनासचा नातू बेनेडिक्ट काका. म्हणजे विहीरही त्याची, आणि हातही त्याचाच लागणार.

"माझ्या लग्नात तुझ्या पप्पाला चर्चजवळच्या नळाचं पानी घातलं," मम्मी म्हणाली. "बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. डॅनियलचं तसं मी होऊ देनार न्हाय."

"मम्मी, नळालाही पाणीच येतं."

"तू शिकवतेस तिकडं शिकव," ती म्हणाली.

तिचा बेत साधा होता. फुगे, आमच्याकडचे मैद्याचे फुगीर गोळे, तळायचे, डबा भरायचा, काकाच्या ओट्यावर जाऊन बसायचं आणि विचारायचं. मी म्हटलं मीही येते. तिनं दोनदा नको म्हटलं. मी ऐकलं नाही.

बेनेडिक्ट काका पंचाहत्तरीला आलाय. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होता, त्यामुळे समोरचा माणूस सुट्टे पैसे लपवतोय अशा नजरेनंच तो सगळ्यांकडे बघतो. आम्हाला पाहून तो उठला नाही, पण खुर्ची पायानं पुढे सरकवली. मम्मीनं डबा ठेवला.

"डॅनियलचं लगीन हाय, भावजी. पान्याला तुमी आलं पायजे. विहिरीवर."

काकानं डबा उघडला, एक फुगा उचलला, फोडला, वाफ जाऊ दिली. "येतो की," तो म्हणाला.

मम्मीनं माझं मनगट धरलं.

"पयली घागर मी सोडतो," काका म्हणाला. "आमचं एकच म्हननं हाय. विहिरीवर चार मानसांसमोर म्हना, इनासच्या वाटचं सोनं आमी खाल्लं. एवडं म्हना. शंभर वर्सं होत आली, आमाला दुसरं कायपन नको."

मम्मीनं तोंड उघडलं. ती म्हणणार होती, तिथल्या तिथे म्हणून मोकळी होणार होती, हे मला तिच्या खांद्यावरून कळलं. माझं डोकं फिरलं. पप्पा गेले म्हणून त्यांचं वाक्यही लगेच पुरून टाकायचं?

"खाल्लं नाही, काका," मी म्हणाले. "विकलं. का विकलं ते मी सांगते."

"सांग," काका म्हणाला आणि दुसरा फुगा घेतला.

मग मी सांगितलं. वर्गात सांगते तसंच सांगितलं, हेच चुकलं असेल. "१९२९ साली अमेरिकेत शेअर बाजार कोसळला."

"अमेरिकेत."

"हो. मग तिथल्या बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. कुणाकडे पैसाच नाही, तर माल घेणार कोण? जगभर भाव पडले. महामंदी म्हणतात तिला. आपल्याकडे तांदळाचा भाव निम्म्यावर आला, कापसाचा आला..."

"डोंगरीत कापूस कोन पिकवत होतं?"

"तांदूळ पिकवत होते ना! तेवढाच तांदूळ विकून हातात निम्मे पैसे."

"मग सरकार काय करत होतं?"

हा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर मी त्याला चहा पाजला असता. मी पुढे सरकून बसले. "तेच तर! अमेरिकेत सरकारनं शेवटी लोकांना कामं दिली. रस्ते, पूल, धरणं बांधायला लावली. आपल्याकडे इंग्रजांचं सरकार. भाव निम्म्यावर आले, पण सारा काही निम्म्यावर आला नाही. उलट एकतीस साली बाकीच्या करांवर चौथाई जादा चढवली, मिठावरसुद्धा. आणि रुपया पौंडाला असा बांधून ठेवला, की सोन्याला भाव चढला आणि बाकी सगळं मातीमोल झालं. मग लोकांकडे विकायला राहिलं काय? बायकांच्या अंगावरचं सोनं. गावोगावचं सोनं मुंबईला गेलं आणि मुंबईहून बोटी भरभरून विलायतेला. सरकारला बरंच वाटलं. हिंदुस्थानातले लोक सोनं विकून नफा कमावतायत, असं साहेबलोक म्हणत होते."

काका चघळायचा थांबला. "बोटीतून?"

"हो."

"कोनच्या बोटी?"

"मुंबईहून ज्या सुटायच्या त्याच."

"माझा आजा बोटीवर होता," काका म्हणाला. "म्हंजे त्याचंच सोनं त्याच्या पायाखाली ठेवून त्याला विलायतेला नेलं, असं म्हनतेस तू?"

असं झालंही असेल. इतक्या वर्षांत हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"कागद हाय?" त्यानं विचारलं.

"घरातलं सोनं विकल्याचा कागद कोण ठेवतं, काका?"

"म्हंजे चोरी डोंगरीत आन चोर लंडनला. झकास हाय." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "तुझं म्हननं सरकार चोर?"

"हो."

"मग बोलव सरकारला विहिरीवर."

"ते सरकार गेलं की सत्तेचाळीसला."

"गेलं ना? आगुस्तीन पन गेला. आता तू हायस," काका म्हणाला. "सरकारला म्हनायला लावू कसं मी? म्हनायला मानूस लागतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? घरी आल्यावर मम्मीनं उरलेले फुगे परातीत ओतले. रिकामा डबा तिनं अंगणातच घासायला घेतला आणि इतका घासला, की मला वाटलं भोक पडणार.

मीही हट्टालाच पेटले. पुढच्या आठवड्यात बारावीला हाच धडा होता. फळ्यावर मी दोन रकाने आखले, एका बाजूला अमेरिका, एका बाजूला भारत. अमेरिकेखाली लिहायला जागा पुरली नाही. भारताखाली तीन ओळी. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे इम्पॉर्टंट आहे का? नाहीतर स्किप मारतो." मी म्हटलं, मारा, सगळ्यांनीच मारलंय. मग पुढच्या बाकावरच्या सुरुचीनं विचारलं, "सारा नाही भरला तर काय व्हायचं, मॅडम?"

"जमीन जप्त व्हायची. लिलाव," मी फळ्याकडे तोंड करूनच उत्तर दिलं आणि खडू तसाच हातात राहिला.

जमीन. एकतीस साली वाटणी कुठे झाली होती? वाटणी इनास परत आल्यावर झाली. तोवर सगळी जमीन एकत्र होती, आमच्या घराची, जांभळीची, विहिरीची. सारा भरला तो त्या सगळ्या जमिनीचा. पणजोबांनी सोनं विकलं नसतं तर विहीर कुणा सावकाराची झाली असती. काका ज्या विहिरीवर बसून आमच्याकडून माफी मागतोय, ती त्याच सोन्यानं वाचवली होती. इतकं सरळ होतं. मला आनंदानं हसू फुटलं. पोरांना वाटलं मॅडमना काहीतरी झालं.

त्याच संध्याकाळी मी एकटी डोंगरीला गेले. मम्मीला सांगितलं नाही. वाटलं, आता सगळं मिटवूनच घरात शिरू.

काका ओट्यावर पाय पसरून बसला होता. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. या खेपेला अमेरिका नाही, पौंड नाही. सारा, एकत्र जमीन, लिलाव, विहीर. काका शेवटपर्यंत ऐकत राहिला. एकदाही त्यानं मध्ये तोंड घातलं नाही. मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

"म्हंजे ही विहीर त्या सोन्यावर हाय," तो म्हणाला.

"हो! दोघांच्याही सोन्यावर. आगुस्तीनच्या वाटचं पण त्यातच गेलं ना."

"म्हंजे आमीच तुमचं देनं लागतो."

"मी तसं नाही म्हणत, काका."

"तसंच म्हनतेस." तो उठला. उठायला त्याला वेळ लागला, पण मी हात पुढे केला तो त्यानं झटकला. "माझा बाप, मी, आमी सगळे इतकी वर्सं तुमच्या उपकारावर पानी पिऊन तुमच्यावर रुसलो, असं म्हनतेस. आन हे आताच कसं आठवलं तुला? जमिनीला भाव आलाय तेव्हा? मुंबईची लोकं बंगल्याला जागा हुंगत फिरतात तेव्हा?"

"काका, देवाशप्पथ, मला जमीन नकोय!"

"ऐक. माझा आजा बोटीवरून आला तेव्हा त्याचं काम गेलं होतं. बोटी बंद पडल्या. हाती कायपन न्हाय. त्याला वाटलं, घरी आयचं सोनं तरी हाय. ते पन न्हाय. तो मेला तेव्हा दोघांच्या दारांत एवडं अंतर होतं," त्यानं हातानं दाखवलं, "आन त्यानं भावाला बोलावलं न्हाय. मी ल्हान होतो, खाटेजवळ उभा होतो. आता तू म्हनतेस कोनाचीच चूक न्हवती. मग माझा आजा काय येडा होता? उगाच रुसून मेला?"

"वेडे नव्हते. त्यांना माहीत नव्हतं."

"मग त्याला जाऊन सांग. मना सांगून काय उपेग?"

मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मला खरं माहीत असलं की गप्प बसता येत नाही, हा माझा जन्माचा रोग आहे. मी म्हटलं, "काका, त्यांचं कामही त्याच मंदीनं घालवलं. दोघा भावांना एकाच चोरानं लुटलं आणि दोघं एकमेकांच्या उरावर बसले." काकानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या लोखंडी जाळीला कुलूप लागलं. विहिरीला कुलूप लागलेलं डोंगरीनं कधी पाहिलं नव्हतं. बायका मुद्दाम वाट वाकडी करून बघून गेल्या.

मम्मीला ते कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ती दारात उभी राहिली.

"अन्याय सहन केलेला मानूस एक वेळ माफ करतो," ती म्हणाली. "तू त्याला देनेकरी केलंस. देनेकरी कोनाला माफ करत न्हाय, ॲन्ड्रिया."

"पण खरं आहे ते!"

"तुझा पप्पा पन असाच. खरं, खरं. त्या खऱ्याची भाकर करून खा आता दोघं बापलेक." मग ती चुलीजवळच्या स्टुलावर बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "एक शब्द होता. मी म्हननारच होते."

"खोटं म्हणणार होतीस?"

"हो. खोटं. पोराच्या अंगावर पानी पडायला पायजे होतं मना."

डॅनियलला मी फोन केला. तो भाईंदर पूर्वेला एका मोबाईलच्या दुकानात मॅनेजर आहे, त्याच्याकडे सगळ्यावर तोडगा असतो. "दीदी, टेन्शन कशाला घेते? वीस लिटरचा जार मागवू ना. फिल्टरचं पाणी, थंड पण असतं." मी फोन ठेवला. मला हसू यायला हवं होतं, पण मला त्याचा, काकाचा, मम्मीचा आणि त्या सगळ्या साहेबांचा एकदमच राग आला, ज्यांनी ते सोनं मोजून घेतलं आणि ज्यांची नातवंडं आज कुठेतरी ढेकर देत बसली असतील. त्यांना कुणी टोपणनाव ठेवलं नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड आला. नातेवाईक बायका लाल लुगडी नेसून, केसांत अबोली माळून तयार होत्या. डॅनियल घरात पाटावर, अंगाला नारळाचा रस लावून बसला होता. ठरलं होतं असं, की चर्चजवळच्या नळावर जायचं आणि मम्मीच्या माहेरच्या एका मामानं घागर भरायची. मी घागर घेऊन मम्मीच्या मागे निघाले. फाटकाबाहेर उजवीकडे वळलं की नळ. मम्मी डावीकडे वळली.

बँडवाले गोंधळले, पण नवऱ्याची आई जाते तिकडे बँड जातो. वाजवत-वाजवत सगळी वरात बेनेडिक्ट काकाच्या अंगणात शिरली. मी धावत जाऊन तिचा हात धरला. "मम्मी, नको." ती माझ्याकडे न बघता पुढे चालत राहिली.

काका विहिरीजवळच होता. ठेवणीतला कोट घातला होता त्यानं. आमच्याकडे लग्न असताना त्याला कोट घालायचं काय कारण? बहुतेक तोही वाटच बघत होता. मम्मीनं हात वर केला आणि बँड थांबला.

"भावजी," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या घरानं तुमचं सोनं खाल्लं."

काकानं मान हलवली. "तू बाहेरनं आलेली, आयरिन. तू कशाला म्हनतेस? आगुस्तीनचं रक्त म्हनू दे."

डॅनियल घरात पाटावर. तिथे आगुस्तीनचं रक्त एकच होतं. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. पूर्ण होतं. सनावळीसकट, सारा, सोनं, रुपया, बोटी, सगळं क्रमानं. मी हे एक वाक्य म्हटलं, की ते सगळं पुसलं जाणार होतं. सोनं कुणी घेतलं याचं उत्तर डोंगरीत कायमचं ठरणार होतं, आणि तेही अर्थशास्त्राच्या मॅडमच्या तोंडून. ज्यांनी खरंच घेतलं ते पुन्हा एकदा सुटणार होते. मी मम्मीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. जाळीच्या कुलपाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, बहुतेक प्रार्थना करत होती.

"खाल्लं," मी म्हणाले.

"कोनी? कोनाचं?" काकानं विचारलं. आवाजात गुर्मी नव्हती. नुसतं विचारत होता.

"माझ्या पणजोबांनी. आगुस्तीननं. इनासच्या वाटचं सोनं आम्ही खाल्लं."

काकानं खिशातून किल्ली काढली. कुलूप त्याला लवकर उघडेना. जाळी बाजूला सारून तो काठावर दोन्ही हात टेकून खाली वाकला आणि पाण्याकडे बघून म्हणाला, "आज्या, ऐकलंस ना? म्हनाले." मग त्याचा आवाज फुटला आणि तो म्हातारा माणूस, कोट घातलेला, तिथेच वाकून हुंदके द्यायला लागला. कुणीतरी त्याला धरलं. त्यानं डोळे पुसले, घागरीच्या गळ्यात दोर बांधला आणि पहिली घागर सोडली.

बायका गायला लागल्या. बँड सुरू झाला. मम्मी हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. काकानं भरलेली घागर स्वतः उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि माझ्या गालावर थोपटलं. "आता तुझा राग न्हाय, पोरी," तो म्हणाला. न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळाली की माणसानं तोंड कसं करायचं असतं? मी कसंबसं हसले. त्याचाही मला राग येईना, हे तर जास्तच वाईट होतं. तो त्याच्या आजोबांसाठी लढला आणि जिंकला. माझ्या पणजोबांसाठी लढायला फक्त मी होते.

वरात परत निघाली. काका मम्मीच्या बरोबरीनं चालत होता, आमच्या फाटकातून आत शिरताना तो क्षणभर अडला आणि मग आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. घागरीतलं पाणी हिंदकळून माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. मागे मम्मी सगळ्यांना सांगत होती, बघा, किती गार आहे आमच्या विहिरीचं पाणी.

पप्पांचा फोटो आम्ही दारासमोरच्या भिंतीवर लावलाय. घागर घेऊन डॅनियलपर्यंत जायचं तर त्यांच्या समोरूनच जावं लागतं. मी उंबऱ्याशी थांबले. मागून बायका म्हणत होत्या, चल, चल, पोरगा गारठला असेल. पप्पांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं.